हरवलेल्या पुस्तकाचा हिशेब कोणाच्या नावावर? : शालेय मंत्रिमंडळ आणि ग्रंथालय यांचे एक प्रकरण

शालेय मंत्रिमंडळात ग्रंथालयमंत्री हे पद बहुतेक वेळा असते, पण त्या पदाला काम मात्र फारसे नसते. क्रीडामंत्र्याला मैदान असते, सांस्कृतिक मंत्र्याला स्नेहसंमेलन असते, शिस्तमंत्र्याला जिना आणि रांग असते. ग्रंथालयमंत्र्याच्या वाट्याला एक बिल्ला येतो आणि १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, परिपाठात दोन मिनिटे बोलण्याची संधी येते. नववीतील एका मुलीने या पदाला खरोखरचे काम मागितले, तेव्हा शाळेत काय काय घडले, त्याची ही मांडणी आहे. शाळा आणि तिच्यातील माणसे अभ्यासासाठी रचलेली आहेत. कायदे, नियम आणि कार्यपद्धती मात्र प्रत्यक्षातल्या आहेत, आणि ज्यांनी मुंबईतील अनुदानित मराठी शाळेत काम केले आहे त्यांना अडचणी ओळखीच्या वाटतील.

शाळा लालबाग-परळ भागातील, पाचवी ते दहावीची. गिरणी कामगारांच्या मुलांसाठी ती सुरू झाली, तेव्हा एकेका इयत्तेच्या चार-चार तुकड्या भरत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली, कुटुंबे डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्याकडे सरकली, उरलेल्यांपैकी अनेकांनी मुलांना इंग्रजी माध्यमात घातले, आणि शाळेचा पट घसरत गेला. पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक-कर्मचारी मिळणार याची सरकारी मंजुरी, ठरते आणि संचमान्यतेवर पदे ठरतात. त्यामुळे पूर्णवेळ ग्रंथपाल निवृत्त झाल्यावर ते पद अर्धवेळ झाले. इमारतीत सकाळी प्राथमिक विभाग भरतो आणि माध्यमिकचे वर्ग साडेबारा ते सहा चालतात. ग्रंथपाल बाई दीडला येतात आणि साडेचारला जातात.

ग्रंथालय दुसऱ्या मजल्यावर आहे. लोखंडी कपाटे भिंतीला लागून उभी, मध्ये दोन लांब टेबले, कोपऱ्यात विज्ञान प्रदर्शनाचे थर्माकोलचे नमुने. कपाटांना कुलपे आणि काचेच्या दारांआडून पुस्तकांच्या पाठी दिसतात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके पुरवणारे ग्रंथालय असावे, असे म्हटले आहे. यू-डायस या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी प्रणालीच्या माहितीपत्रकातही ग्रंथालय आहे का आणि पुस्तके किती, हे विचारले जाते. शाळा दरवर्षी 'आहे' असे भरत होती, आणि ते खोटे नव्हते. कपाट वर्षातून किती वेळा उघडले, हा प्रश्न त्या रकान्यात येत नाही.

जुलैमध्ये मंत्रिमंडळाची निवडणूक झाली. मोबाइलवरचे मतदान यंत्राचे ॲप, मार्करने बोटाला शाई, चिन्हांत पतंग आणि छत्री, असे सगळे रीतसर. दहावीचे विद्यार्थी मत देतात, पण बोर्डाचे वर्ष म्हणून उभे राहत नाहीत. ग्रंथालयमंत्री म्हणून निवडून आलेल्या मुलीचे आश्वासन एकच होते : मधल्या सुट्टीत ग्रंथालय उघडे राहील. ते देताना तिने कोणालाच विचारले नव्हते, आणि निवडणुकीत तसे विचारायचे असते हे तिला कोणी शिकवलेही नव्हते.

पर्यवेक्षिका बाईंनी आश्वासन ऐकून समजुतीचा मार्ग काढला. मागण्या करण्यापेक्षा सहकार्य करा, असे सांगून त्यांनी मधल्या सुट्टीत खोली उघडून दिली, कपाटे मात्र बंदच ठेवली, आणि मंत्र्यांपैकी दोघांना दारात उभे केले. आत वर्तमानपत्र वाचता येई, गृहपाठ करता येई. बोलणाऱ्यांची नावे लिहून घेण्याचे काम मंत्र्यांकडे होते. पंधरवड्यात मुले त्यांना 'वॉचमन' म्हणू लागली. विद्यार्थ्यांना अधिकार द्या, असे म्हटले की शाळा बहुधा हाच अधिकार देते, कारण तो द्यायला काहीच खर्च येत नाही : आपल्याच वर्गमित्रांवर नजर ठेवण्याचा. त्यातून शाळेचे काम हलके होते आणि प्रतिनिधीची पत जाते. या मुलीच्या ते लवकर लक्षात आले आणि तिने मंत्रिमंडळाच्या बैठकीत ठराव आणला की कपाटे उघडावीत, पुस्तके घरी न्यायला मिळावीत आणि 'पुस्तकांची जबाबदारी मंत्रिमंडळ घेईल'.

ठराव घेऊन ती ग्रंथपाल बाईंकडे गेली. बाईंनी तो वाचला, रागावल्या नाहीत, आणि कपाटातून दाखल नोंदवही काढून तिच्यापुढे उघडली. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत, बिल क्रमांक, शेरा. पान जुने होते आणि किमतीच्या रकान्यात साडेतीन रुपये, पाच रुपये, पावणेसात रुपये असे आकडे होते.

"बाळ, पुस्तक तू नेशील, दहावी होऊन जाशील," बाई म्हणाल्या. "पडताळणी होईल तेव्हा या वहीखाली सही माझी असेल."

या वाक्यात प्रकरणाची खरी गाठ आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ग्रंथपाल पुस्तकांवर बसून राहिलेली दिसते आणि त्यावर लिहिणारे तिला वाचनाची शत्रू ठरवून मोकळे होतात. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतले पहिले, 'पुस्तके उपयोगासाठी आहेत', हे ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात प्रत्येक ग्रंथपालाने पाठ केलेले असते. या बाईंनीही केले होते. पण सूत्र एकीकडे आणि नोंदवही दुसरीकडे. बाई रुजू झाल्या तेव्हा आधीच्या ग्रंथपालांकडून त्यांनी कपाटे मोजून घेतली होती, पुस्तके नव्हे. पुस्तके मोजायला तेव्हा वेळच नव्हता. मधल्या वर्षांत किती पुस्तके गेली, कोणाच्या काळात गेली, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पूर्ण पडताळणी झाली की जुनी तूट आजच्या माणसाच्या नावावर दिसणार, निवृत्तीच्या वेळी ना-देय प्रमाणपत्र, म्हणजे काही देणे बाकी नसल्याचा दाखला, अडणार, ही भीती कल्पनेतली नव्हती. कुलूप हा त्या भीतीवरचा सर्वांत स्वस्त उपाय होता.

ठरावातील 'जबाबदारी मंत्रिमंडळ घेईल' या शब्दांना त्यामुळे काहीच अर्थ उरत नव्हता. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान वयाची न झालेली, व्यक्ती करार करण्यास पात्र नसते. चौदा वर्षांच्या मुलीने दिलेली हमी नोंदवहीच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. मुलांची तयारी मनापासूनची होती, पण जो तोटा भरून देऊ शकत नाही त्याने जबाबदारी घेतो म्हणणे हे सौजन्य झाले, व्यवस्था झाली नाही. बाईंनी नकार दिला तो योग्यच होता, असे माझे मत आहे. कुठल्या कारणासाठी नकार देत आहोत हे त्यांनी मुलीला वही उघडून दाखवले, हे त्याहून योग्य झाले. पुढचे सगळे त्या वहीमुळे घडले.

मुख्याध्यापकांनी आधी एक पळवाट सुचवली. माजी विद्यार्थ्यांकडून पुस्तके देणगी घ्यावीत, त्यांची दाखल नोंद करू नये, व्हरांड्यात एक उघडे कपाट ठेवावे आणि ते संपूर्णपणे मंत्रिमंडळाने चालवावे. नोंद नाही, म्हणून तूट नाही, म्हणून जबाबदारी नाही. गणेशोत्सवानंतर कपाट भरले. आलेल्या पुस्तकांत जुन्या अभ्यासक्रमाची गाइडे होती, अपेक्षित प्रश्नसंच होते, एका पतपेढीचे वार्षिक अहवाल होते, आणि त्यांच्यामध्ये दडलेले काही चांगले दिवाळी अंक आणि बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे सुटे अंक होते. चांगले ते आठवडाभरात गेले आणि परत आले नाहीत. गाइडे दिवाळीपर्यंत जागची हलली नाहीत. घर आवरताना जे रद्दीत टाकायला जीव होत नाही ते शाळेला देण्याची आपल्याकडे रीत आहे, हा भाग वेगळा. मुद्दा असा की जिथे हरवलेल्या पुस्तकाचा हिशेब एका माणसाच्या मानेवर आहे तिथे कपाट उघडत नाही, आणि जिथे हिशेबच नाही तिथे उघड्या कपाटात काही उरत नाही.

पुढचा दुवा अनपेक्षित ठिकाणाहून आला. मुलीचे वडील एका केंद्र सरकारी कार्यालयात लेखा शाखेत कारकून आहेत. जेवताना तिने वहीची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम २१५ तिला छापून आणून दिला. हा नियम ग्रंथालयांच्या पडताळणीविषयी आहे. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयात दरवर्षी संपूर्ण पडताळणी करावी. वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वाचायला काढलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची तूट वाजवी मानता येईल, मात्र ती अप्रामाणिकपणामुळे किंवा निष्काळजीपणामुळे झालेली नसावी. एक हजार रुपयांहून अधिक किमतीचे पुस्तक किंवा दुर्मीळ पुस्तक हरवल्यास चौकशी झालीच पाहिजे. राज्यातील अनुदानित शाळेला हा नियम बंधनकारक नाही. परंतु सरकार स्वतःच्या ग्रंथालयात काही पुस्तके हरवणार हे गृहीत धरते, ही गोष्ट शाळेतील एकाही मोठ्या माणसाने तोवर कधी मांडली नव्हती.

त्या नियमातील एक बारकावा मुलीने नेमका हेरला आणि मुख्याध्यापकांसमोर मांडला. हजाराचा आधार कपाटातील पुस्तकांचा नाही, वापरलेल्या पुस्तकांचा आहे. वर्षभरात चारशे पुस्तके फिरली तर दोन पुस्तकांची तूट वाजवी. चार हजार वेळा पुस्तके फिरली तर वीस पुस्तकांची. याचा अर्थ, ज्या ग्रंथालयातून काहीच बाहेर जात नाही त्याला तुटीची मुभाही नाही, आणि त्याच्या ग्रंथपालाला प्रत्येक हरवलेल्या पुस्तकाचे उत्तर द्यावे लागेल. कुलूप बाईंना वाचवत होते असे सगळ्यांना वाटत होते. या हिशेबाने पाहिले तर तेच त्यांना अडकवत होते.

मुख्याध्यापकांनी विषय शालेय समितीपुढे नेला. समितीत चर्चा थोडी झाली आणि निर्णय तीन झाले : एकदा पूर्ण पडताळणी करावी आणि त्यात आढळलेली जुनी तूट कोणाच्याही नावावर न टाकता निर्लेखनाचा, म्हणजे ती पुस्तके नोंदवहीतून रीतसर कमी करण्याचा, ठराव करावा, यापुढे हजारी पाचचे प्रमाण शाळेचा स्वतःचा नियम म्हणून स्वीकारावे, आणि देवघेव मधल्या सुट्टीत सुरू करावी. वेतनेतर अनुदान, म्हणजे पगार सोडून इतर खर्चासाठीचे सरकारी पैसे, वेळेवर येत नसल्याने नव्या पुस्तकांसाठी सत्र फीमधून जेवढे निघेल तेवढे पाहू, असेही नोंदले गेले. एका सदस्यांनी मंत्रिमंडळाचे अभिनंदन करण्याची सूचना मांडली. बाईंचे अभिनंदन करण्याची सूचना कोणी मांडली नाही, याची नोंद इथे करून ठेवतो.

पडताळणी पहिल्या सत्राच्या परीक्षेनंतर झाली आणि या प्रकरणातील सर्वांत जिवंत दिवस तेच होते. एका मुलाने वहीतून क्रमांक वाचायचा, दुसऱ्याने कपाटात शोधायचा, तिसऱ्याने पेन्सिलने बरोबरची खूण करायची. डांबराच्या गोळ्यांच्या वासाने डोळे चुरचुरत होते. खालच्या खणातील पुस्तके दर पावसाळ्यात ओल धरून धरून एकमेकांना चिकटली होती, आणि ती वेगळी करताना पानांमधून कसर पळत होती. बाई प्रत्येक पुस्तक हातात घेऊन ठरवत होत्या : हे बांधणीला, हे निर्लेखनाला, हे पुन्हा कपाटात. मुलांनी पुस्तकांच्या शेवटी चिकटवलेल्या तारीखपट्ट्या पाहिल्या तेव्हा त्यांना वेगळाच इतिहास सापडला. काही पट्ट्यांवर शिक्क्यांच्या दोन-दोन रांगा भरलेल्या होत्या, एका आठवड्यातच परत आलेल्या पुस्तकांच्या. आणि मग एका वर्षी शिक्के एकदम थांबत होते. पूर्णवेळ पद गेले ते वर्ष कोणते, हे मुलांना बाईंना विचारावे लागले नाही. एका पट्टीमागच्या पुस्तक कार्डावर एका मुलाला आपल्या काकांचे नाव आणि तुकडी सापडली, तेव्हा काम बराच वेळ थांबले.

तूट निघाली, पण बाईंना वाटत होती तेवढी नाही. अनेक 'हरवलेली' पुस्तके शिक्षक खोलीतील कपाटात आणि दोन वर्गांच्या टेबलांच्या खणांत होती. मोठ्या माणसांनी नेलेल्या पुस्तकांची नोंद मुलांच्या मानाने फारच ढिसाळ होती, हे मुलांनी पाहिले आणि शहाण्यासारखे त्यावर काही बोलले नाहीत.

देवघेव सुरू झाल्यावर मंत्रिमंडळाकडे खरे काम आले. वर्गप्रतिनिधींनी वाचक कार्डे लिहिली, मधल्या सुट्टीत दोघे-दोघे टेबलावर बसू लागले, पाचवी-सहावीची मुले डबा अर्धा टाकून वर पळू लागली. आणि मग यादीचे प्रकरण झाले. पुस्तके वेळेवर परत येत नव्हती, म्हणून मंत्रिमंडळाने बहुमताने ठरवले की थकबाकीदारांची नावे परिपाठात वाचायची आणि तळमजल्यावरील फळ्यावर लिहायची. पहिल्याच यादीत सातवीतील एक मुलगा होता. त्यांची चाळ पुनर्विकासात गेली होती, संक्रमण शिबिरातील खोलीत सामान मावत नव्हते म्हणून अर्ध्या पेट्या नालासोपाऱ्याला मामांकडे होत्या, आणि पुस्तक त्यांपैकी एका पेटीत होते. नाव वाचले गेल्यानंतर तो मुलगा तीन दिवस शाळेत आला नाही.

इथे मंत्रिमंडळाकडून जे घडले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण यादी कोणा शिक्षकाने लादलेली नव्हती; मुलांनी स्वतः, मतदान घेऊन, शिस्तीच्या कल्पनेपोटी ती काढली होती. दारातला वॉचमन झालेला त्यांना आवडला नव्हता, पण हातात खडू येताच ते पुन्हा तिथेच जाऊन उभे राहिले. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या १२ व्या कलमाने मुलांना आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क दिला आहे, आणि भारताने ही संहिता १९९२ मध्ये मान्य केली. परंतु मुलांचे बहुमत एखाद्या मुलाच्या विरुद्ध जाते तेव्हा त्या एकट्याचे मत कोण ऐकणार, हा प्रश्न शाळेने आधी सोडवावा लागतो. ग्रंथालयमंत्री मुलीने यादी मागे घेण्याचा ठराव आणला आणि तो पहिल्या बैठकीत फेटाळला गेला. शिस्तमंत्र्याचे म्हणणे असे की एकाला सूट दिली तर सगळे चाळीचे कारण सांगतील. वर्गशिक्षिका मध्ये पडल्या नाहीत. दुसऱ्या बैठकीत मुलीने ठराव बदलून आणला : नाव कुठेही वाचायचे नाही, वर्गप्रतिनिधीने त्या मुलाला एकट्याला विचारायचे, आणि अडचण असेल तर बाईंनी मुदत वाढवून शेऱ्याच्या रकान्यात तशी नोंद करायची. तो मंजूर झाला. फळ्यावर नाव लिहिण्यापेक्षा हे काम जास्त वेळखाऊ आहे आणि दोन वर्गप्रतिनिधी ते नीट करत नाहीत, अशी बाईंची तक्रार अजून आहे.

दंडाचा विषय मात्र लवकर संपला. दिवसाला एक रुपया घ्यावा अशी सूचना होती. मुलांनी गोळा केलेल्या पैशाची पावती कोण फाडणार आणि तो कोणत्या खात्यात जमा होणार, असे कार्यालयातील लिपिकांनी विचारले आणि सूचना तिथेच राहिली.

दहावीच्या मुलांचा प्रश्न सुटलेला नाही. त्यांना पुस्तके नको आहेत, टेबले हवी आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसे राहतात, दूरदर्शन संच चालू असतो, आणि बोर्डाची परीक्षा तोंडावर असते; या भागात शाळेचे ग्रंथालय हे आधी अभ्यासिका आणि मग ग्रंथालय असते. मधल्या सुट्टीत ते आले की पाचवीच्या मुलांना गप्प बसवतात, आणि पाचवीची मुले हळूहळू यायची थांबतात. मंत्रिमंडळात दहावीचा कोणी नसल्याने त्यांच्या वतीने बोलणाराही कोणी नाही. शाळा भरण्यापूर्वी, अकरा ते सव्वाबारा, खोली त्यांना द्यावी, हा मार्ग सगळ्यांना पसंत आहे; पण त्या वेळी इमारत प्राथमिक विभागाकडे असते आणि बाई दीडला येतात.

म्हणून फेब्रुवारीत मंत्रिमंडळाने नवी मागणी केली आहे की ग्रंथालयाच्या खोलीची एक किल्ली ग्रंथालयमंत्र्याकडे असावी. मुख्याध्यापक अनुकूल आहेत, आणि वर्षभराचे काम पाहता त्यांचा विश्वास समजण्यासारखा आहे. विषय शालेय समितीच्या पुढील बैठकीत येईल. माझ्या मते समितीने ती किल्ली देऊ नये. मुलांनी वर्षभर जे कमावले ते नोंदवही वाचून, मोजून आणि प्रश्न विचारून कमावले. त्यासाठी किल्ली लागली नव्हती. सकाळची खोली उघडायची असेल तर ती पगारी माणसाने उघडावी, मग त्यासाठी शिपायाची वेळ बदलावी लागो किंवा अकरा ते सव्वाबारा या वेळेत एखाद्या शिक्षकाला मानधन देऊन नेमावे लागो, आणि त्याचा खर्च संस्थेने उचलावा. समितीला हे महाग वाटेल. मंत्रिमंडळाने मागणी मांडताना खर्चाचा तो आकडाही सोबत जोडावा, असे बाईंनी मुलीला सुचवले आहे, आणि लिपिकांकडून मानधनाचे दर मागवण्यासाठी तिने अर्ज दिला आहे.